पाऊस, कंदील, कणीक, मुद्रा : मोहाचा भयपट उभा करताना

'तुंबाड' १२ ऑक्टोबर २०१८ ला आला आणि १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा थिएटरात लागला. राही अनिल बर्वे यांच्या या सिनेमात भीती नुसत्या भुताची नाही, हावेची आहे. कोकणातलं पावसाने कुजत चाललेलं गाव, पडका वाडा आणि जमिनीच्या पोटात सोनं. तो पाहून बरीच मुलं कॅमेरा घेऊन गावाकडे निघाली आहेत, आणि त्यांचं अडतं ते नेहमी त्याच ठिकाणी. हाताला लागणाऱ्या वस्तू खोट्या वाटतात, मग मोहही खोटा वाटतो. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी लिहावं. आठवणी नकोत, कृती आणि प्रमाण हवं. खाली एकेका विभागाची उत्तरं आहेत.

पटकथा

आधी नियम ठरवा, राक्षसाचं रूप नंतर. 'तुंबाड'मधला राक्षस हस्तर, त्याला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही, म्हणून तो कायमचा भुकेला. त्या एका भुकेतून बाकी सगळं आपोआप निघतं : कणकेची बाहुली हे आमिष, पिठाचं रिंगण हे कवच, आणि तो बाहुली खाईपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात त्याच्या लंगोटातून सोन्याच्या मुद्रा काढायच्या.

असा नियम प्रेक्षकाला कोणी सांगून कळवू नका, पात्राला तो करताना दाखवा. पहिल्यांदा संथ, प्रत्येक पायरी दिसेल असा. दुसऱ्यांदा सराईत हातांनी, भरभर. म्हणजे तिसऱ्यांदा कोणी त्यात भर घातली की संवादाशिवाय पोटात गोळा येतो. 'तुंबाड'मध्ये बाप-लेक बाहुल्या जास्त नेतात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात. हावेची शिक्षा हावेच्याच हिशेबात मिळते. शेवटच्या दहा मिनिटांत नवा नियम आणलात तर हे सगळं वाया जातं, आणि नव्या संहितांत सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच आहे.

प्रकाश

कंदील खरा वापरा, पण चेहऱ्यावरचा सगळा उजेड त्याच्याच जिवावर सोडू नका. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. कंदील चेहऱ्यापासून १ फुटावर आणि मागची भिंत ४ फुटांवर असेल तर भिंतीवर सोळावा हिस्सा पोचतो, म्हणजे ४ स्टॉप कमी (दर स्टॉपला उजेड निम्मा). भिंत काळीठिक्कर जाते आणि वाडा दिसतच नाही. त्यावर उपाय म्हणजे कंदिलाच्या पाठीला, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, छोटा पिवळा बल्ब डिमरवर (उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणावर) बांधायचा आणि दुसरा एक मंद दिवा खांबाआड लपवायचा. ज्योतीचं रंगतापमान, म्हणजे उजेड किती तांबूस की निळसर ते सांगणारा आकडा, १९०० केल्व्हिनच्या आसपास असतं. कॅमेऱ्याचं व्हाईट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा धरायचा ती सेटिंग) ३२०० वर ठेवलं तर ज्योत तांबूस राहते. ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा तो तांबूसपणा धुऊन काढतो आणि वाड्यात ट्यूबलाइट लावल्यासारखं वाटतं.

स्वस्त एलईडी डिमरवर खाली आणलं की चित्रात पट्टे सरकतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून शटर (एका चित्राला उजेड घ्यायचा वेळ) १/५० सेकंदाला बांधा आणि आधी दोन मिनिटं टेस्ट घ्या.

काचेचं विसरतात लोक. वात तिरकी कापली किंवा जास्त वर काढली की काच एका बाजूने काजळते, आणि पुढच्या शॉटला ती काजळी जुळत नाही. वात सरळ कापा, काच कोरड्या राखेने घासा आणि एकसारख्या तीन काचा हाताशी ठेवा.

पाऊस पाडणारे

पाऊस समोरून उजेड टाकल्यावर दिसत नाही. थेंब चमकतो तो पाठीमागून, आणि मागे अंधार असेल तेव्हाच. ढगाळ आकाश पाठीशी असेल तर मुसळधारही कॅमेऱ्यात गायब. शटर १/५० वर धारा लांब दिसतात, १/२०० वर थेंब सुटे आणि टोचरे होतात.

पाण्याचा हिशेब कागदावर करा. मिनिटाला १०० लिटर सोडणारी ४ तोंडं लावली तर १०,००० लिटरचा टँकर २५ मिनिटांत संपतो, आणि तालमीत पाणी सोडलं तर टेक घ्यायला उरत नाही. तोंडं माणसाच्या डोक्यापासून निदान १५ फूट वर हवीत, नाहीतर पाऊस न दिसता नळ दिसतो. ओल्या अंगणातली प्रत्येक वायर ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीवरूनच (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरून) न्या, इथे काटकसर करायची नाही.

खऱ्या पावसाची सर वेगळीच, पण त्यासाठी थांबावं लागतं. 'तुंबाड'चं चित्रीकरण २०१२ ला सुरू झालं आणि २०१५ मध्ये बराच भाग पुन्हा केला गेला. ज्यांना पावसाळ्यातच शूट करायचंय त्यांनी एसी खोलीतला कॅमेरा बॅगेसकट तासभर ओटीवर ठेवावा. लगेच उघडला की लेन्सच्या आत दमट हवेचं बाष्प धरतं आणि पुसता येत नाही.

कला विभाग, कणीक

बाहुलीला पोळीची कणीक चालत नाही, हातपाय लोंबतात. १ किलो गव्हाच्या पिठाला पाणी ४५० ते ५०० मिली, पुरीपेक्षा घट्ट, शेवटी तेलाचा हात. अर्धा तास ओल्या फडक्याखाली मुरू द्या, मगच घडवा. न मुरलेली कणीक मानेपाशी आणि काखेत भेगाळते.

मागे नुसती मांडून ठेवायच्या बाहुल्या असतील तर २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ आणि पाऊण ते १ वाटी पाणी. सावलीत वाळवा, कडक उन्हात साल तडकते. पण कोकणातल्या पावसाळ्यात हेच मीठ हवेतली ओल ओढतं आणि चार दिवसांत बाहुली मऊ पडते. म्हणून वाळल्यावर वॉर्निशचे दोन हात द्या, तेही चकाकी न देणाऱ्या वॉर्निशचे. वॉर्निश लावलेली बाहुली तोंडात घालायच्या शॉटपासून लांब ठेवा.

खाण्याच्या शॉटची कणीक त्याच दिवशी मळा. दमट हवेत रात्रीत आंबते, फुगते, आणि बाहुलीचा चेहराच बदलतो.

कला विभाग, मुद्रा

सोन्याला हिरवा गंज चढत नाही. जमिनीतून निघालेल्या सोन्याच्या नाण्यावर हिरवट थर रंगवलेला दिसला की जाणकार माणूस गोष्टीतून बाहेर पडतो. चिखल लावा, अंगठ्याने पुसा, खाली लख्ख पिवळं दिसलं पाहिजे. मोह त्या अंगठ्याच्या एका पुसण्यात आहे.

'तुंबाड'ची पहिली गोष्ट १९१८ मधली. त्या काळावर सिनेमा करत असाल तर व्यवहारातला चांदीचा रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा. त्याच साली मुंबईच्या टांकसाळीत १५ रुपयांची सोन्याची मोहर पडली होती, ७.९८ ग्रॅमची. त्याच मापाची पितळेची चकती जेमतेम ४ ग्रॅम भरते. फरक हातात कळतो आणि पडद्यावरही कळतो. नटाने हलकी थैली जड असल्याचा अभिनय केला की मनगट खोटं बोलतं. ५० नाण्यांच्या थैलीत तळाशी २०० ग्रॅम लोखंडी छर्रे कापडात शिवून टाका, खांदा आपोआप झुकतो.

रंगभूषा

थोडक्यात. अंगावरच्या घामासाठी निम्मं ग्लिसरीन, निम्मं पाणी. नुसतं पाणी दिव्याखाली वाळतं. चेहऱ्यावर चिकटवलेल्या सिलिकॉनच्या तुकड्याच्या कडा पावसात सुटतात, म्हणून भिजण्याचे शॉट सगळ्यात शेवटी घ्या. चेहऱ्याचा साचा घेताना अल्जिनेटला (साच्याच्या पावडरीला) गार पाणी वापरा, कोमट पाण्यात ते मिसळता मिसळता धरतं.

ध्वनी

वर पावसाबद्दल लिहिलंय त्यात भर. नकली पावसात संवाद वाचत नाहीत. पावसाचा आवाज खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत पसरलेला असतो आणि तो स, श, त, क आधी गिळतो. पाणी बंद होताच, नटांचा श्वास तोच असताना, तेच संवाद लगेच एकदा रेकॉर्ड करा. डबिंगपेक्षा ते बरेचदा सरस निघतं. फ्रेमबाहेर पाणी जिथे फरशीवर किंवा पत्र्यावर आपटतं तिथे काथ्याच्या चटया आणि वर गोणपाट अंथरा, अर्धा कलकलाट तिथेच जिरतो.

पाऊस एकच रेकॉर्ड करू नका. कौलांवरचा, पन्हळीतून पडणारा, केळीच्या पानावरचा आणि नुसत्या मातीवरचा, प्रत्येकी निदान ३ मिनिटं. पात्र विहिरीतून किंवा भुयारातून खाली उतरू लागलं की हे थर एकेक करून काढा, मातीवरचा सगळ्यात शेवटी. तळाला पोचेपर्यंत फक्त दोराचा करकर आवाज उरू द्या, आणि त्यात नाण्यावर नाणं पडल्याचा एकच आवाज, लांबून.