‘लॉज ४९’मध्ये घडतं तरी काय?
‘असल्या विचित्र मालिकांत काहीच घडत नाही’ अशी एक तक्रार असते. ती ‘ट्विन पीक्स’ या मालिकेला लागू नाही; तिथे निदान खून तरी आहे. ‘लॉज ४९’ या अमेरिकी मालिकेला (२०१८-१९) मात्र लागू आहे, आणि मला तेच आवडलं. वडील गेलेले, दुकान गेलेलं, पायाला साप चावलेला डड नावाचा तरुण कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शहरातल्या एका डबघाईला आलेल्या गुप्त मंडळात शिरतो. किमया, गूढ ग्रंथ वगैरे आहेच, पण खरा जीव अडकतो तो एर्नीत. प्लंबिंगचं सामान विकणारा हा माणूस मंडळाच्या प्रमुखपदाची आस धरून बसलाय. आमच्या इंदूरच्या जुन्या मराठी मंडळांत असे काका हमखास भेटतात: सभासद घटले, पण अध्यक्षपदाची चुरस तीच! दोन सीझन, २० भाग, मग एएमसी या वाहिनीने मालिकेचा गाशा गुंडाळला. पहिला सीझन जास्त जमलाय, माझ्या मते.