विक्का म्हणजे चेटूक नव्हे, मराठीत तसं लिहिणं थांबवूया का?

माधवी_बॉस्टन:
परवा एका मराठी ग्रुपवर कुणीतरी आमच्या बॉस्टनजवळच्या सेलम गावाचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, इथे अजून चेटूक करणारे लोक राहतात. मला ते फार लागलं म्हणून लिहितेय. माझी शेजारीण विक्कन आहे, नऊ वर्षं ओळखते तिला. विक्का हा धर्म आहे, देवी आणि शिंगांचा देव अशी जोडी पुजतात, ऋतूंप्रमाणे वर्षाचे आठ सण आणि शिवाय पौर्णिमेला जमणं. सैतान त्यांच्याकडे नाहीच, तो ख्रिश्चनांचा. कुणाला इजा होत नसेल तर तुला हवं ते कर, हा मुख्य नियम.

गेल्या 31 ऑक्टोबरला त्यांचा पितरांचा सण होता, तिने मला बोलावलं. स्वयंपाकघरातलं टेबल सरकवून तिने छोटं देवघर मांडलेलं, त्यावर मिठाची वाटी, पाण्याचा पेला, मेणबत्ती, उदबत्ती, म्हणजे पृथ्वी जल अग्नी वायू. आणि काळ्या मुठीची सुरी, त्या सुरीने भाजी कधीच चिरत नाहीत. ती सुरी धरून खोलीत गोल फिरली, ते पूजेसाठी वर्तुळ आखणं. मग जेवायला बसलो तर एक ताट जास्तीचं, तिच्या गेलेल्या आईचं. बटाट्याचं सूप, ब्रेड, सफरचंदाची फोड. जेवण संपेपर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही. मला सर्वपित्रीला आजी गच्चीवर पान ठेवून कावळ्याची वाट बघायची तेच आठवत राहिलं, डोळे भरून आले.

अनिकेत_पुणे:
तुमच्या भावनेबद्दल आदर आहे, पण धर्म म्हणताना इतिहास पण सांगा ना. हे सगळं जेराल्ड गार्डनर नावाच्या इंग्रज माणसाने उभं केलंय, मलायात रबराच्या मळ्यांवर आणि नंतर कस्टम्समध्ये नोकरी केलेला माणूस. म्हणे 1939 मध्ये न्यू फॉरेस्ट भागातल्या एका जुन्या गुप्त मंडळात त्याला दीक्षा मिळाली. इंग्लंडमधला 1735 चा जादूटोण्याचा कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि 1954 मध्ये याचं पुस्तक आलं. हजारो वर्षांची परंपरा हा जो दावा होता तो मार्गारेट मरे यांच्या 1921 च्या सिद्धांतावर (युरोपातल्या तथाकथित चेटकिणी म्हणजे ख्रिस्तपूर्व जुन्या धर्माचे लोक) उभा होता आणि इतिहासकारांनी तो कधीच मोडीत काढलाय. जुनं नसलेलं जुनं म्हणून सांगायचं, हे मला पटत नाही.

माधवी_बॉस्टन:
अनिकेत, दावा चुकीचा होता हे मान्य. माझी शेजारीणही तो करत नाही. पण सत्तर वर्षांचा धर्म खोटा आणि दोन हजार वर्षांचा खरा, हे कुठलं माप? डोरीन व्हॅलिएंटे 1953 मध्ये गार्डनरकडे दीक्षा घेऊन आल्या आणि त्यांनी पूजेतले बरेच शब्द स्वतः नव्याने लिहिले, ते लोक आजही म्हणतात. इथे 1986 मध्ये व्हर्जिनियातल्या एका कैद्याच्या खटल्यात कोर्टाने विक्का हा धर्म आहे असं मान्य केलं (त्याने मागितलेल्या पूजेच्या वस्तू मात्र दिल्या नाहीत). 2007 पासून सैनिकांच्या सरकारी थडग्यांवर विक्काचं चिन्ह, म्हणजे वर्तुळातला पाच टोकांचा तारा, कोरता येतो. ज्याचा नवरा किंवा मुलगा गेलाय त्याला विचारा तो तारा खरा की खोटा.

शहाद्याचा_मास्तर:
ताई, मी वेगळंच सांगतो. विक्का चांगला की वाईट यात मला पडायचं नाही, पण ते लोक स्वतःला अभिमानाने विच म्हणवतात ना, तो अभिमान मराठीत आणताना दहादा विचार करा. आमच्या सातपुड्यात भगताने एकदा नाव घेतलं की बाई डाकीण ठरते, संपली ती. मी शिकवायचो त्या पाड्यावर एका घरातलं तान्हं पोर तापाने गेलं आणि नाव आलं शेजारच्या विधवेचं. पंधरा दिवसांत ती आणि तिची पोरगी रातोरात निघून गेल्या, पोरगी चौथीत होती माझ्याकडे, तिची पाटी वर्गातच राहिली. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अशांसाठी आहे, पण पोलीस पाटलापर्यंत जायची हिंमत तरी हवी ना. आमच्याकडे हा शब्द कुणी स्वतः निवडत नाही, तो लादला जातो.

ठाण्याची_रेवा:
मास्तरांशी सहमत. शिवाय मंत्राने काम होतं असं हे लोक मानतातच की, मेणबत्ती लावून नोकरी, मेणबत्ती लावून तब्येत. याला श्रद्धा म्हणा नाहीतर काही, आपण ज्याच्याविरुद्ध लढतो तेच आहे हे. माझ्या भाचीने ऑनलाइन कसलेकसले दगड मागवलेत चार हजारांचे.

माधवी_बॉस्टन:
रेवा, दगड विकणारे वेगळे गं. आणि जे पाठवशील ते तिप्पट होऊन परत येतं असं बरेच विक्कन मानतात, त्यामुळे दुसऱ्याचं वाईट चिंतायला ते स्वतःच घाबरतात. बाकी मंत्राने नोकरी लागते असं मीही मानत नाही, तिथे तुझं बरोबर.

मास्तर, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. सेलममध्येही 1692 साली 19 जणांना फाशी दिली, एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारलं, त्यातलं कुणीच विक्कन नव्हतं, साधे ख्रिश्चन शेतकरी, त्यांच्यावरही शब्द लादलाच होता. म्हणूनच मी म्हणते की विक्काला मराठीत विक्काच म्हणूया, चेटूक नको आणि चेटकीण तर नकोच.

शहाद्याचा_मास्तर:
हे चालेल. पण शाळेत मुलांना सांगताना मी आधी त्या पाटीचंच सांगणार.