लाइटचा एमसीबी पडतोय, मोठा बसवू का?

फ्लॅट ३०२: नमस्कार. नव्या सिलिंगचे दिवे लावले की लाइटचा एमसीबी (करंट जास्त झाला की लाइन आपोआप बंद करणारा स्विच) पडतो. वायरमन म्हणतोय ६ ॲम्पिअरचा काढून २० चा टाकू. संध्याकाळी येणार आहे. टाकू द्यावा का?

फ्लॅट ७०१: अजिबात नको, ताई. एमसीबी दिव्यांसाठी नसतो, भिंतीतल्या वायरीसाठी असतो. लाइटच्या लाइनला बहुधा दीडची (दीड चौरस मिमी) वायर असते. पाइपात बाकीच्या वायरींबरोबर कोंबलेली असली की ती जेमतेम १२-१४ ॲम्पिअर निभावते. २० च्या एमसीबीतून २२ ॲम्पिअर गेले तरी तो तासभर पडत नाही, बनवलेलाच तसा असतो. तोवर भिंतीच्या आत इन्सुलेशन तापत राहतं आणि बाहेर काही कळत नाही.

फ्लॅट ४०४: काका, लोड जास्त झालाय का हे घरच्या घरी कसं बघायचं?

फ्लॅट ७०१: डीबीतला, म्हणजे एमसीबींच्या पेटीतला, तेवढाच एमसीबी खाली करा आणि घरभर फिरून काय काय बंद झालं ते लिहा. सॉकेट, एक्झॉस्ट, सगळं. हॉलच्या लाइनवर बेडरूमचा सॉकेट निघणं नवीन नाही. मग वॅटची बेरीज करा. ६ ॲम्पिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे १३८०. तासन् तास चालणारं लोड त्याच्या ८० टक्क्यांत, म्हणजे ११०० च्या आत ठेवा.

फ्लॅट ३०२: बघून आले. १२ वॅटचे १८ दिवे, एलईडी पट्टी ६०, पंखे ७५ चे २. एकूण ४२६.

फ्लॅट १०३: हे तर निम्म्याहून कमी! मग पडतो कशाला?

फ्लॅट ७०१: एलईडीला वीज पुरवणाऱ्या साध्या ड्रायव्हरचा पॉवर फॅक्टर ०.५ पर्यंत खाली येतो, म्हणजे वॅटच्या मानाने तो जास्त करंट ओढतो. म्हणून दिव्यांचा करंट दुप्पट धरला तरी सगळं मिळून ३ ॲम्पिअरच होतात. ताई, बटण दाबल्या दाबल्या पडतो की थोड्या वेळाने?

फ्लॅट ३०२: दाबल्या दाबल्या. पण दर वेळी नाही. सगळे दिवे एकाच बटणावर आहेत.

फ्लॅट ७०१: मग हा ओव्हरलोड नाही. ओव्हरलोडमध्ये एमसीबी थोडा वेळ घेऊन पडतो. ड्रायव्हरमधले कपॅसिटर चालू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढतात आणि तुमच्याकडे १८ एकदम चालू होतात. एमसीबीवर बी ६ लिहिलंय की सी ६?

फ्लॅट ३०२: बी ६.

फ्लॅट ७०१: बी त्याच्यावरच्या आकड्याच्या ३ ते ५ पट करंटला तत्क्षणी पडतो, सी ५ ते १० पटीला. दिवे दोन-तीन बटणांवर वाटून घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर सी ६ बसवा, आकडा ६ चाच. पण त्याआधी लाइन मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासून घ्या, सिलिंगचा एखादा स्क्रू वायरीत घुसलेला असू शकतो. आणि सी बसवणार असाल तर अर्थिंगही तपासायला सांगा, ते कच्चं असेल तर फॉल्टच्या वेळी तो पटकन पडणार नाही.

फ्लॅट ५०१: आमचा एमसीबी कधी पडत नाही, पण इस्त्री लावतो तो बोर्ड गरम लागतो. चालेल ना?

फ्लॅट ७०१: नाही! मला याचीच जास्त काळजी वाटते. १००० वॅटची इस्त्री साधारण साडेचार ॲम्पिअर घेते. टर्मिनलचा स्क्रू ढिला असेल तर तेवढ्यावरही जोड जळतो. करंट वाढत नाही, त्यामुळे एमसीबीला पत्ताच लागत नाही. ती लाइन आत्ता खाली करा आणि बोर्ड वायरमनकडूनच उघडून घ्या.

फ्लॅट ५०१: केली खाली. ३०२ ताई, वायरमन आला की आमच्याकडेही पाठवाल?

फ्लॅट ३०२: हो, आधी तुमच्याकडेच पाठवते. २० चा आणू नकोस म्हणून त्याला आत्ताच फोन करते.