एकाच घरातील दोन रुग्ण, दोन सीआरपी: रक्ताच्या अहवालांवरून नेमके काय कळते?

गिरणगावकर (प्रश्न)

नमस्कार. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या लालबागच्या घरातून चार दिवसांच्या अंतराने दोघांना रुग्णालयात दाखल करावे लागले, आधी काकांना आणि मग बाबांना. बाबा घरी आले, काका आले नाहीत. दोघांच्याही फायली तेव्हापासून माळ्यावर होत्या. मागच्या महिन्यात घराला रंग काढताना त्या खाली आल्या आणि मी त्या पहिल्यांदाच शांतपणे वाचल्या.

दाखल होताना काकांचा सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा रक्तातला आकडा, १८ होता. तो पाहून आम्ही नातेवाइकांना फोन करून काळजीचे कारण नाही असे कळवले होते. बाबांचा सीआरपी १४२ निघाला आणि त्या रात्री आईने ताटाला हातही लावला नाही. घडले ते नेमके उलटे. बाबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली. पहिल्या केंद्रात त्यांचा डी-डायमर (रक्तात गुठळ्या होत असल्याची खूण) ४२० होता आणि मर्यादा ५०० असते असे ऐकलेले असल्यामुळे आम्ही निर्धास्त होतो, पण तीन दिवसांनी दुसऱ्या रुग्णालयात हलवल्यावर तोच ९१० आला. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून जे इंजेक्शन दिले जाते त्याची मात्रा वाढवा, असा आग्रह माझ्या भावाने डॉक्टरांकडे धरला. डॉक्टरांनी ती वाढवली नाही आणि आमचा त्यांच्यावर बराच रोष झाला.

काका ७१ वर्षांचे होते, त्यांना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुना विकार होता. बाबा तेव्हा ५७ वर्षांचे होते आणि त्यांना कोणताही जुना आजार नव्हता. काका तापाच्या तिसऱ्या दिवसापासून, मोबाइलवर फिरत आलेल्या एका चिठ्ठीवरून, घरीच मेथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होते.

कोणावर ठपका ठेवण्यासाठी मी हे विचारत नाही. मला एवढेच समजून घ्यायचे आहे की ते अहवाल चुकीचे होते, की आम्हालाच ते वाचता आले नाहीत.

परळची पॅथॉलॉजिस्ट

आपल्या काकांबद्दल वाचून फार वाईट वाटले. त्या महिन्यांत मी प्रयोगशाळेत होते, त्यामुळे अहवालांबद्दल जबाबदारीने लिहिते.

सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होते आणि ते तयार करण्याचा हुकूम मुख्यतः इंटरल्यूकिन-६ या रेणूकडून मिळतो. रक्तातले त्याचे अर्धायुष्य सुमारे १९ तासांचे असते, म्हणजे हुकूम थांबला की आकडा साधारण दिवसाभरात अर्ध्यावर येतो. स्टेरॉइड नेमका हा हुकूमच दाबते. त्यामुळे घरी गोळ्या घेऊन आलेल्या रुग्णाचा १८ आणि कोणतेही औषध न घेता आलेल्या रुग्णाचा १८ हे कागदावर सारखे दिसले तरी त्यांचा अर्थ एक नसतो. काकांचा आकडा त्या गोळ्यांमुळे खाली आलेला असण्याची दाट शक्यता आहे. स्टेरॉइडमुळे पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात, म्हणून त्या दोहोंचे गुणोत्तरही अशा रुग्णात जपून वाचावे लागते. इंटरल्यूकिन-६ ला अडवणारे टोसिलिझुमॅब हे औषध दिल्यावर तर सीआरपी कित्येक दिवस तळाशीच राहतो आणि नवा जंतुसंसर्ग झाला तरी तो हलेलच याची खात्री नसते.

आता डी-डायमर. फायब्रिनच्या जाळ्याची गुठळी विरघळताना जे तुकडे सुटतात, त्यांचे हे मोजमाप. ते दोन एककांत छापले जाते, डीडीयू आणि एफईयू, आणि एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट असतो. आपण ज्या ५०० च्या मर्यादेबद्दल ऐकले ती एफईयूची आहे. डीडीयूमध्ये ती अडीचशेच्या आसपास येते. कृपया दोन्ही कागदांवर आकड्याशेजारचे बारीक अक्षर पाहा. माझा अंदाज खरा असेल, तर बाबांचा डी-डायमर तीन दिवसांत दुप्पट झालाच नव्हता, आणि पहिला ४२० हा आकडाही निर्धास्त होण्यासारखा नव्हता.

नमुन्याबद्दलही थोडे सांगते. निळ्या टोपणाची, रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटची नळी खुणेपर्यंत भरली नाही, तर रक्ताचे आणि सायट्रेटचे नऊला एक हे प्रमाण बिघडते. हातात दोन-दोन मोजे आणि चष्म्यावर वाफ अशा स्थितीत घेतलेल्या रक्तात पेशी फुटत. नळी फिरवून काढली की वरचा द्रव पिवळसर दिसण्याऐवजी गुलाबी दिसे, आणि मग एलडीएच (इजा झालेल्या पेशींतून सुटणारे एक विकर) फुप्फुसांमुळे वाढले की फुटलेल्या तांबड्या पेशींमुळे, हे ठरवणे कठीण होई. आम्ही अशा नमुन्यांवर शेरा लिहीत असू, पण नातेवाइकांपर्यंत फोटो पोहोचे तो आकड्याचा.

गिरणगावकर

आत्ताच पाहिले. पहिल्या कागदावर डीडीयू आहे आणि दुसऱ्यावर एफईयू. इतकी वर्षे आमच्या घरात 'बाबांचा डी-डायमर दुप्पट झाला होता' असेच सांगितले जाते. दाखल होतानाच्या इतर नोंदी देत आहे. काका: ऑक्सिजन ९०, श्वास मिनिटाला २८, युरिया ९०, पूर्ण शुद्धीवर. बाबा: ऑक्सिजन ९१, श्वास २४, युरिया ३४, शुद्धीवर.

संख्याशास्त्राचा विद्यार्थी

या नोंदी दिल्यात ते फार बरे झाले, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी त्यांतच आहे.

ब्रिटनमधील रुग्णालयांत दाखल झालेल्या करोना रुग्णांच्या माहितीवरून '४सी' नावाचा गुणांक तयार करण्यात आला आणि तो सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ३५,४६३ रुग्णांवरून तो बांधला गेला आणि त्याखेरीज २२,३६१ रुग्णांवर तपासून पाहिला गेला. वय, लिंग, जुने आजार, श्वसनाचा वेग, ऑक्सिजन, शुद्धीवर असणे, युरिया (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा) आणि सीआरपी अशा आठ बाबींचे मिळून त्यात २१ गुण आहेत. या २१ पैकी एकट्या वयाला ७ पर्यंत गुण मिळू शकतात, सीआरपीला मात्र जास्तीत जास्त २. डी-डायमर आणि फेरिटिन (दाहात वाढणारे आणखी एक प्रथिन) त्यात नाहीतच.

आपल्या काकांचे गुण मांडून पाहतो. वयाचे ६, पुरुष असल्याचा १, दोन जुन्या आजारांचे २, श्वसनाचा १, ऑक्सिजनचे २ आणि युरियाचे ३ (आपल्याकडच्या मिलिग्रॅममधल्या आकड्याला सहाने भागले की त्यांचे एकक मिळते, म्हणून ९० चे १५ झाले), सीआरपीचे शून्य. एकूण १५. बाबांचे वयाचे २, पुरुष १, श्वसन १, ऑक्सिजन २, सीआरपीचे पूर्ण २, असे एकूण ८. मूळ अभ्यासात १५ किंवा अधिक गुणांच्या गटातील सुमारे ६२ टक्के रुग्ण दगावले, तर ४ ते ८ गुणांच्या गटातील सुमारे १० टक्के. म्हणजे त्या सकाळी सीआरपी सोडून बाकीचे जवळजवळ सगळे कागद काकांच्या प्रकृतीची चिंताच सांगत होते.

मात्र हा गुणांक पहिल्या लाटेतल्या ब्रिटिश रुग्णांचा आहे, आणि तो गटाबद्दल बोलतो. १५ किंवा अधिक गुण असलेल्या शंभरांतले अडतीस जण घरीही गेले. काका कोणत्या बाजूला असतील हे त्या दिवशी कोणालाही सांगता आले नसते.

केवळ रक्तावरून भाकीत करण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. वुहानमधील १९१ रुग्णांच्या मार्च २०२० मधील अभ्यासात डी-डायमर १ मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर मृत्यूची शक्यता अठरा पट दिसली आणि तो आकडा जगभर फिरला, परंतु त्याची विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या टप्प्यात असू शकतो तो टप्पा, २.६४ ते १२८.५५ पट इतकी पसरट होती, हे फारसे कोणी सांगितले नाही. त्याच शहरातील ४८५ रुग्णांवरून एलडीएच, लिम्फोसाइट आणि सीआरपी या तिघांचे एक गणिती प्रारूप मे २०२० मध्ये आले, ज्याने नव्वद टक्क्यांहून अधिक अचूकतेचा दावा केला. नेदरलँड्स, फ्रान्स आणि न्यूयॉर्कमधील रुग्णांवर तपासल्यावर मात्र ते तसे चालले नाही. एका ठिकाणच्या रुग्णांवर बेतलेला सदरा दुसऱ्या ठिकाणच्या रुग्णांना बसेलच असे नाही.

निवृत्त परिचारिका, शीव

वरच्या दोघांनी छान समजावले आहे. मी वॉर्डातली बाजू सांगते.

आपल्या भावाचा आग्रह मी समजू शकते, पण त्या डॉक्टरांचा निर्णय त्या वेळच्या माहितीला धरून होता. डी-डायमर वाढलेल्या रुग्णांना गुठळीविरोधी औषध पूर्ण मात्रेत द्यावे का, हे पाहणारी ब्राझीलमधील चाचणी २०२१ मध्येच प्रसिद्ध झाली; तिच्यात फायदा दिसला नाही आणि रक्तस्राव मात्र वाढला. पुढे मोठ्या चाचण्यांत, अतिदक्षता विभागाबाहेरच्या रुग्णांना हेपॅरिन या गुठळीविरोधी औषधाच्या पूर्ण मात्रेचा फायदा दिसला खरा, पण तो डी-डायमर जास्त असो वा नसो, दोन्हीकडे दिसला. आकडा वाढला म्हणून औषध वाढवावे, इतके ते सरळ कधीच नव्हते.

उपचार ठरवायला ज्याचा खरोखर उपयोग झाला तो साधा सीआरपी. ऑक्सिजन कमी आणि सीआरपी ७५ किंवा अधिक, अशा ४,११६ रुग्णांवर ब्रिटनमध्ये टोसिलिझुमॅबची चाचणी झाली आणि २८ दिवसांतील मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. आमच्याकडे मात्र महागड्या इंटरल्यूकिनच्या अहवालासाठी लोक रात्र-रात्र थांबत.

स्टेरॉइडचे म्हणाल, तर जून २०२० मध्येच दिसले होते की डेक्सामेथासोनचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्यांना होतो. ज्यांना तो लागत नाही त्यांना फायदा नाही. पण ती चिठ्ठी त्या दिवसांत किती घरांत पोहोचली होती हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आपण काकांना त्या गोळ्या घेऊ दिल्या हा आपला दोष मानू नका. सौम्य रुग्णांनी या रक्ततपासण्या आणि सीटी स्कॅन करूच नयेत, हे तेव्हाचे एम्सचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना मे २०२१ मध्ये जाहीरपणे सांगावे लागले, इतकी धांदल सगळीकडेच होती.

फायलीत रक्ताच्या अहवालांमागे एक आडवा तक्ता असेल, ज्यावर आम्ही दर चार तासांनी श्वास मोजून पेनाने लिहीत असू. मिनिटभर छातीकडे पाहून मोजायचे, घाईत पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचे नाही, असे आम्हाला बजावलेले असे. काकांचा तो तक्ता जरूर पाहा.

गिरणगावकर

आपणा तिघांचे मनापासून आभार. तक्ता सापडला. २८, २८, ३०, ३२, आणि पुढे व्हेंटिलेटरची नोंद. त्याच दोन दिवसांत सीआरपी १८ वरून ११ वर आला होता आणि आम्ही तोच कागद सर्वांना पाठवला होता. हा धागा आज भावाला वाचायला देते. बाबांच्या त्या डॉक्टरांचा क्रमांक त्याच्याकडे अजून आहे. आधी त्यांना फोन कर, असे त्याला सांगणार आहे.