चॅम्पियन हर्डलमध्ये घोडीला ७ पाउंडांची सूट : न्याय की झुकतं माप?

सेव्हर्नकाठी

११ मार्च २०२५, इंग्लंडमधलं चेल्टनहॅम. चॅम्पियन हर्डल या अडथळ्यांवरून उड्या मारत धावायच्या शर्यतीत कॉन्स्टिट्यूशन हिल हा घोडा अर्ध्या वाटेत पडला. स्टेट मॅन स्पष्ट आघाडी घेऊन शेवटच्या हर्डलपर्यंत आला आणि तोही तिथेच कोसळला. मागून आलेली गोल्डन एस ही घोडी ९ लेंग्थनी जिंकली (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याच्या लांबीएवढं अंतर). मी रेलिंगला उभा होतो. दोन्ही घोडे धडधाकट उठल्याचं कळेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. बर्मिंगहॅमला परतताना मात्र गाडीत एकच विषय डोक्यात घोळत होता, म्हणून हा धागा.

ज्यांना ही शर्यत ठाऊक नाही त्यांच्यासाठी: चॅम्पियन हर्डलमध्ये घोड्याच्या पाठीवर जॉकी आणि जीन धरून ११ स्टोन १० पाउंड असतात (एक स्टोन म्हणजे १४ पाउंड), घोडीच्या पाठीवर ११ स्टोन ३ पाउंड. म्हणजे ७ पाउंड कमी, जवळपास ३.२ किलो. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या हँडिकॅप नसलेल्या, म्हणजे क्षमतेनुसार वजन न ठरणाऱ्या, बहुतेक खुल्या उडी-शर्यतींत हीच सूट आहे. अशा शर्यतींत ढोबळमानाने एक पाउंड म्हणजे एक लेंग्थ धरतात.

गोल्डन एसच्या विजयाबद्दल माझी तक्रार नाही. ९ लेंग्थचं अंतर सुटीपेक्षा मोठंच आहे. माझा प्रश्न नियमाचा आहे. ही शर्यत १९२७ साली सुरू झाली. २०१५ पर्यंत ती तीनच घोड्या जिंकल्या: आफ्रिकन सिस्टर (१९३९), डॉन रन (१९८४) आणि फ्लेकी डव्ह (१९९४). २०१६ ते २०२५ या दहा वर्षांत मात्र पाच वेळा घोडी जिंकली: अ‍ॅनी पॉवर, एपातांत, दोनदा हनीसकल आणि आता गोल्डन एस. दहापैकी पाच वेळा जिंकणाऱ्याला दुबळं म्हणायचं कसं?

आता काही निकाल बघा. १९८४ ला डॉन रन पाऊण लेंग्थने जिंकली, तेव्हा सूट ५ पाउंडांची होती. १९८६ च्या चेल्टनहॅम गोल्ड कपमध्ये, म्हणजे उंच कुंपणांवरून धावायच्या ‘चेस’ शर्यतीत, तिने वेवर्ड लॅडला एका लेंग्थने हरवलं, तेही ५ पाउंड कमी घेऊन. २०२० ला आयर्लंडमधल्या लेपर्ड्सटाउनच्या आयरिश चॅम्पियन हर्डलमध्ये हनीसकल डार्व्हर स्टारपेक्षा अर्ध्या लेंग्थने पुढे होती. २०२१ ला पुट द केटल ऑन ही चॅम्पियन चेस जिंकणारी पहिली घोडी ठरली, न्यूबे नेग्राला अर्ध्या लेंग्थने मागे टाकून. वजन सारखं असतं तर या चारही शर्यतींचे निकाल उलटे लागले असते असं मला वाटतं.

डॉन रन माझी सगळ्यात लाडकी. चॅम्पियन हर्डल आणि गोल्ड कप दोन्ही जिंकणारं दुसरं जनावर आजवर झालेलं नाही. गोल्ड कपनंतर तीनच महिन्यांत ती पॅरिसच्या ओतोय मैदानावर पडून दगावली, आणि ते वाचताना अजून घसा दाटतो. पण प्रेम वेगळं आणि माप वेगळं. नरांसाठी स्वतंत्र शर्यती नाहीत. माद्यांसाठी मात्र आहेत. २००८ पासून चेल्टनहॅमला मेअर्स हर्डल आहे, २०१६ पासून नवख्या घोड्यांच्या माद्यांसाठी वेगळी हर्डल आहे, २०२१ पासून मेअर्स चेस आहे. राखीव शर्यतही आणि खुल्या शर्यतीत सूटही, हे दोन्ही एकत्र नको. विजेतेपदाच्या शर्यतींतून सूट काढावी.

शिंगरू

तुमचे आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष चुकलाय. मी स्टड फार्मवर दहा वर्षं काढली आहेत, त्यामुळे हा विषय मला आतून लागतो.

उडी-शर्यतीतला नर बहुधा लहानपणीच खच्ची केला जातो. कॉन्स्टिट्यूशन हिल घ्या, स्टेट मॅन घ्या, दोघेही गेल्डिंग. कितीही मोठी शर्यत जिंकली तरी त्यांचं रक्त पुढे जात नाही. पुढे जाते ती घोडी. क्वेव्हेगाने २००९ ते २०१४ सलग सहा वेळा मेअर्स हर्डल जिंकली आणि तिचा मुलगा फसील व्हेगा २०२२ ला चेल्टनहॅमची चॅम्पियन बंपर (नवख्यांची, अडथळ्यांविना धावायची शर्यत) जिंकला. अ‍ॅनी पॉवरचा मिस्टिकल पॉवर २०२४ ला इंग्लंडमधल्या एन्ट्री (Aintree) मैदानावर ग्रेड १, म्हणजे सर्वोच्च दर्जाची शर्यत जिंकला. या आया शर्यतीत उतरल्याच नसत्या तर त्यांच्या पोटी काय दडलंय हे कुणाला कळलं असतं?

पूर्वी उडी-शर्यतीच्या घराण्यात मादी शिंगरू जन्मलं की मालकाचा चेहरा पडायचा. लिलावात भाव नाही, ट्रेनर घ्यायला तयार नाही. बऱ्याच जणी एकही शर्यत न धावता थेट पैदाशीला जायच्या, म्हणजे आई म्हणून निवड झाली ती निव्वळ वंशावळ वाचून. सूट आणि राखीव शर्यती या दोन्हींमुळे मालक त्यांना तबेल्यात ठेवू लागले. तुम्ही म्हणता दहापैकी पाच विजय हा सूट अनावश्यक असल्याचा पुरावा. मी म्हणते तो धोरण लागू पडल्याचा पुरावा आहे. पीक चांगलं आलं म्हणून पाणी तोडायचं का?

आकडेमोड

सेव्हर्नकाठी, चार अटीतटीच्या शर्यती तुम्ही वेचून काढल्यात. उरलेल्याही मांडा. अ‍ॅनी पॉवर २०१६ ला साडेचार लेंग्थनी जिंकली, एपातांत २०२० ला ३ लेंग्थनी, हनीसकल २०२१ ला साडेसहा लेंग्थनी. त्याच वर्षी लेपर्ड्सटाउनला ती १० लेंग्थनी जिंकली होती. आणि २०२२ ला तिच्या मागे साडेतीन लेंग्थवर कोण होतं? एपातांत. तीही घोडीच, तीच सूट घेऊन धावलेली. त्या दोघींमध्ये सुटीचा संबंधच येत नाही.

दुसरं, पाउंडाला लेंग्थ हे कोष्टक ट्रेनरच्या वहीत ठीक आहे, पण मागे जाऊन निकाल उलटवायला ते वापरता येत नाही. अर्ध्या लेंग्थने जिंकणाऱ्या घोडीच्या अंगात अजून किती शिल्लक होतं, हे त्या अर्ध्या लेंग्थवरून कळत नाही. हनीसकल मोकळी सुटून पळणारी नव्हती. कुणी अंगाशी आलं की ती आणखी जोर काढायची. सलग १६ शर्यती न हरता जिंकणारं जनावर वजनाच्या मेहेरबानीवर जिंकत नसतं.

सेव्हर्नकाठी

आकडेमोड, हनीसकलबद्दल मान्य. तिचं नाव त्या यादीत घालताना माझाही हात अडखळला होता. पण तुमच्याच आकड्यांत साडेचार, ३ आणि साडेसहा हे तिन्ही सातच्या आत आहेत, ते कसं सोडून देता?

शिंगरूताई, पाण्याचं उदाहरण मनाला लागलं. तरी एक सांगा. क्वेव्हेगा सहाही वर्षं चेल्टनहॅमला फक्त घोड्यांच्या माद्यांविरुद्ध धावली. मात्र २०१० ते २०१३ अशी सलग चार वर्षं आयर्लंडमधल्या पंचेस्टाउनची वर्ल्ड सिरीज हर्डल तिने जिंकली आणि ती खुली, तीन मैलांची शर्यत आहे. म्हणजे तिची ताकद नरांना हरवण्याची होती. तरी चेल्टनहॅमला तिची खरी परीक्षा आम्हाला कधी बघायलाच मिळाली नाही. लॉसीमाउथचंही तेच. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षं ती मेअर्स हर्डल धावली. २०२५ ला ती त्याच दिवशी चॅम्पियन हर्डलमध्ये असती तर स्टेट मॅन पडल्यावर काय झालं असतं याचा विचार करून बघा.

पर्वतीचा पाय

मी महालक्ष्मी आणि पुण्याच्या मैदानावर वाढलो, उडी-शर्यती फक्त पडद्यावर बघतो. आपल्याकडे इंडियन डर्बीत नर ५७ किलोवर धावतो आणि फिली, म्हणजे तरुण मादी, ५५.५ वर. सूट दीड किलोची. २०१० ला जॅकलिनने ती डर्बी मारली तेव्हा महालक्ष्मीवर मी घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. ब्रिटनच्या सपाट शर्यतींतही सूट साधारण ३ पाउंडांचीच आहे.

त्यामुळे एक गोष्ट मला कळत नाही. डर्बीत फिलीसमोर पूर्ण ताकदीचे कोल्ट, म्हणजे खच्ची न केलेले तरुण नर असतात. चेल्टनहॅमला समोर खच्ची केलेले घोडे असतात. नराचा जोर ज्यातून येतो तेच काढून घेतलेलं असताना घोडीला दुपटीहून जास्त सूट का? उलट कमी हवी होती.

वैद्य गोठेकर

पशुवैद्य म्हणून थोडं लिहितो. पर्वतीकर, खच्ची केल्याने घोडा घोडीसारखा होत नाही. वयात येण्याआधी खच्ची केलं की हाडांच्या टोकाची वाढ उशिरा थांबते, त्यामुळे असा घोडा थोडा उंचच होतो. स्नायूंचा नरासारखा भरीवपणा कमी होतो हे खरं, पण सांगाडा मोठा राहतो. शिवाय तो शांत असतो, खातो, झोपतो आणि वर्षानुवर्षं तबेल्यात टिकतो. उडी-शर्यतीला हेच तर लागतं.

घोडीचा फॉर्म वाचताना एक गोष्ट विसरू नये. दिवस मोठे होऊ लागले की ती माजावर येऊ लागते. सुमारे २१ दिवसांचं चक्र, त्यात पाचसात दिवस माज. काही घोड्या त्या दिवसांत चारा टाकतात, पाठ चोरतात, जीन कसू देत नाहीत. काहींना काहीच फरक पडत नाही. भर हिवाळ्यात बहुतेकींचं चक्र बंद असतं. म्हणजे डिसेंबरची घोडी आणि मार्चची घोडी हे कधीकधी दोन वेगळे प्राणी असतात, आणि चेल्टनहॅम नेमकं मार्चमध्ये येतं. ‘वसंतात घोड्या खुलतात’ असं तबेल्यातली माणसं म्हणतात. काही खुलतात, काही बिघडतात. हनीसकल २०२२-२३ च्या हिवाळ्यात दोनदा हरली, लोकांनी ती संपली म्हटलं, आणि मार्चमध्ये तिने मेअर्स हर्डल जिंकली. माजामुळे असं झालं असं मी म्हणत नाही, तिला न तपासता म्हणणार कसं? पण घोडीच्या दोन वाईट शर्यतींवरून तिचं माप काढू नये, एवढं नक्की.

सुटीबद्दल माझं मत मधलं आहे. काही सूट हवीच. सातच का, पाच का नाही, याचं शरीरशास्त्रातून उत्तर निघत नाही.

आकडेमोड

पर्वतीकरांच्या दुपटीबद्दल. किलोत बघितलं तर दुप्पट, पण पाठीवरचं वजनही तिथे जास्त आहे. ५७ किलोतले दीड म्हणजे सुमारे २.६ टक्के. १६४ पाउंडांतले ७ म्हणजे सुमारे ४.३ टक्के. फरक आहे, पण दिसतो तेवढा नाही. आणि दोन मैलांवर आठ हर्डल, तेही मार्चच्या ओल्या जमिनीवर. प्रत्येक उडीनंतर ते वजन पुन्हा वेगावर आणावं लागतं. सपाट मैदानाचं गणित इथे जसंच्या तसं लावता येत नाही.

नवी वाचक

सगळं वाचतेय, बरंच नवीन कळलं. ग्रँड नॅशनलमध्येही घोड्यांच्या माद्यांना अशीच सूट असते का?

आकडेमोड

नाही. ग्रँड नॅशनल हँडिकॅप आहे. तिथे प्रत्येकाचं वजन त्याच्या रेटिंगवरून, म्हणजे पाउंडांत मोजलेल्या क्षमतेवरून ठरतं, त्यामुळे मादी म्हणून वेगळी सूट नाही. तिथे १९५१ ला निकेल कॉइन जिंकली, त्यानंतर एकही घोडी नाही. २०१९ ला मॅजिक ऑफ लाइट दुसरी आली, पुढे टायगर रोल होता.

फॉर्म वाचायचा तर हाच फरक आधी शिकून घ्या. १५५ रेटिंगची घोडी हँडिकॅपमध्ये १५५ चीच असते. सुटीच्या शर्यतीत तिला १६२ च्या घोड्याबरोबरची धरायची. लोक हे सात मिळवायला विसरतात आणि मग घोडी जिंकली की चकित होतात. २०२४ च्या नवख्यांच्या मेअर्स हर्डलमध्ये गोल्डन एसने ब्रायटरडेजअहेडला हरवलं होतं. वर्षभराने चॅम्पियन हर्डलला दोघी समोरासमोर आल्या तेव्हा ब्रायटरडेजअहेडच्या नावाचा गाजावाजा होता आणि गोल्डन एसकडे फार कुणाचं लक्ष नव्हतं. जुना निकाल कागदावर होता की.

शिंगरू

सेव्हर्नकाठी, क्वेव्हेगाचा मुद्दा खरा आहे, तो मलाही खुपतो. पण ती तक्रार राखीव शर्यतीबद्दलची आहे आणि औषध तुम्ही सुटीवर काढताय. सूट काढलीत तर लॉसीमाउथ चॅम्पियन हर्डलला येईल की आणखी लांब पळेल? मालक काय मूर्ख आहे का, ७ पाउंड गमावून कॉन्स्टिट्यूशन हिलसमोर उभं राहायला? तुमच्या नियमाने घोड्यांच्या माद्या राखीव शर्यतींतच कोंडल्या जातील आणि चॅम्पियन हर्डल पुन्हा फक्त गेल्डिंगची होईल.

आणि गोल्ड कप विसरू नका. बॅलिनोड, कर्स्टिन, ग्लेनकॅरेग लेडी, डॉन रन, एवढ्या चारच जणी. १९८६ नंतर एकही नाही. सूट असूनही. चाळीस वर्षांच्या आसपास कुणीही जिंकत नसताना तिथलीही सूट काढा म्हणणं मला कठोर वाटतं.

सेव्हर्नकाठी

गोल्ड कपबद्दल मी मागे हटतो. तिथे सूट राहू दे. सवातीन मैलांच्या त्या चेसमध्ये घोड्या फारशा उतरत नाहीत, तिथे काढून घेण्यासारखं काही नाही. सगळ्या विजेतेपदांना एकच काठी लावली ही माझी चूक.

चॅम्पियन हर्डलचं मात्र मन मानत नाही. ‘सूट काढली तर त्या पळतील’ हा मुद्दा पटतो. मग असं करा: चॅम्पियन हर्डलला सूट ५ वर आणा, डॉन रनच्या वेळी होती तेवढी. आणि मेअर्स हर्डल ग्रेड १ वरून खाली आणा, म्हणजे सर्वोत्तम घोडीला तिथे जाण्यात मान उरणार नाही. मग ती कुठे येईल?

शिंगरू

मेअर्स हर्डल खाली आणलीत तर पुढची क्वेव्हेगा मार्चमध्ये चेल्टनहॅमला येणारच नाही, तिचा मालक तिला थेट एप्रिलच्या पंचेस्टाउनसाठी राखून ठेवेल. ५ पाउंडांवर बोलू या, त्याला माझी ना नाही. त्या शर्यतीला हात लावू नका.

पर्वतीचा पाय

५ पाउंड म्हणजे सव्वादोन किलो. मला पटतंय.

वैद्य गोठेकर

मलाही. पण एक अट: नवख्या घोड्यांच्या आणि लहान मैदानांवरच्या शर्यतींत सातच राहू द्या. मादी शिंगरू विकत घ्यायचं की नाही, हे मालक तिथे ठरवतो.

आकडेमोड

मी सातवरच. २०१६ च्या आधीची ८९ वर्षं मोजा, मग बोलू.