पाच जणांच्या टीमला डेव्हलप ब्रांच हवीच कशाला?

गोदाकाठ: कॉलेज रोडला आमचं छोटं ऑफिस, पाच डेव्हलपर. कांद्याच्या आडत्यांसाठी हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर करतो, ब्राउझरमध्ये चालतं. पहिल्यापासून गिट-फ्लो, म्हणजे गिटमध्ये कोडच्या बऱ्याच समांतर शाखा (ब्रांच) ठेवून काम करायची पद्धत. मेन (ग्राहकाकडे चालणारा कोड), डेव्हलप (पुढच्या रिलीजची तयारी), फीचर, रिलीज, हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती), सगळा गोतावळा. मागच्या महिन्यात हमाली-तोलाईच्या राउंडिंगमध्ये घोळ निघाला. रात्री अकराला हॉटफिक्स मेनवर टाकला आणि डेव्हलपमध्ये मर्ज करायचा, म्हणजे मिसळायचा, राहून गेला. पंधरा दिवसांनी नवा रिलीज, तोच घोळ परत हजर. आडते फोनवर म्हणाले, "दुरुस्ती काय भाड्याने दिली होती का?" माझं म्हणणं, डेव्हलप बंद करा. एकच मेन, छोट्या ब्रांच, दोन दिवसांत मर्ज.

सातपूरकर: विसरलात तुम्ही आणि फाशी ब्रांचला? आमचं बिलिंग कारखान्यांतल्या विंडोज मशीनवर बसवलेलं असतं. अंबडला एकाकडे ३.२, सातपूरला ४.०. "दिवाळीनंतर अपडेट करू" हे दर वर्षीचं. ३.२ मध्ये बग आला तर त्याला काय आजचं मेन देऊ?

जुना_एसव्हीएनवाला: गिट-फ्लो मांडणाऱ्या व्हिन्सेंट ड्रिसेननेच २०१० च्या आपल्या लेखावर २०२० मध्ये टीप चढवली. सतत डिप्लॉय होणारं, म्हणजे बदल झाला की लगेच ग्राहकापर्यंत जाणारं वेब ॲप असेल तर साधी पद्धत घ्या, असं तो स्वतःच म्हणतो. अनेक आवृत्त्या सांभाळायच्या असतील तर मात्र गिट-फ्लो चालेल. त्यामुळे गोदाकाठ, तुमचं बरोबर.
पण सातपूरकर, रिलीज ब्रांच ट्रंक पद्धतीतही (हीच ती एका मेनवाली) ठेवता येते. फक्त क्रम उलटा. दुरुस्ती आधी मेनवर, मग चेरी-पिक करून, म्हणजे तेवढाच बदल उचलून, ३.२ च्या ब्रांचवर. विसरलात तर ग्राहक दुसऱ्याच दिवशी ओरडतो. गिट-फ्लोत विसरलात तर पुढच्या रिलीजपर्यंत सगळं शांत.

सातपूरकर: कागदावर छान. ३.२ चं जीएसटीचं मॉड्यूल ४.० मध्ये अख्खं नव्याने लिहिलंय. मेनवर ती फाइलच नाही, चेरी-पिक कशाचं करू? दुरुस्ती दोनदा हातानेच लिहावी लागते. आणि गोदाकाठ, दोन दिवसांत मर्ज म्हणता, कोड आपोआप तपासणाऱ्या टेस्ट किती आहेत?

गोदाकाठ: हिशोबाच्या भागाला आहेत. बाकी रामभरोसे.

सातपूरकर: मग डेव्हलप हीच तुमची टेस्ट होती!

जुना_एसव्हीएनवाला: हे मात्र खरं. अर्धवट काम फीचर फ्लॅगमागे (कोडमधला चालू-बंद खटका) झाकता येतं, पण ते फ्लॅग नंतर कोणी काढत नाही. आमच्याकडे एक फ्लॅग तीन वर्षं 'तात्पुरता' आहे. आधी टेस्ट, मग डेव्हलपला निरोप.

गोदाकाठ: आत्ता गिटचा लॉग काढून पाहिला, मेनवर आहे पण डेव्हलपमध्ये नाही असं काय काय. मर्ज कमिट (नुसत्या मिसळल्याच्या नोंदी) सोडून अजून दोन हॉटफिक्स निघाले. एक माझाच. ते दोन्ही आज आत घेतो, टेस्टसकट. डेव्हलपचं सोमवारी बघू.