गावं घेतली म्हणून पुणं बुडालं?

पूर्वेचा_वारा:
"३४ गावं गळ्यात घेऊन पुण्याचं वाटोळं झालं, शहरातल्या करदात्याने खेड्यांचं का भरायचं" ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलंय. २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं महापालिकेच्या हद्दीत आली तेव्हा तिथे खेडी उरली होती का? नऱ्हे, धायरी, वाघोली, सगळीकडे टॉवर आधीच उभे. शहरात घर परवडेना म्हणून पेठांमधलीच पोरं तिकडे फ्लॅट घेऊन गेली. शहर कधीच तिथे पोचलं होतं, हद्द मागून आली.

शनिवारातला:
पोस्ट माझीच आहे. हद्द गेली ५०० चौरस किलोमीटरच्या वर, मुंबई महापालिकेपेक्षा जास्त. आणि मुख्य धरणं? तीच ४. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. पुरवणार कुठून ते सांगा ना.

इंदापूरकर:
त्याच धरणांवर दौंड-इंदापूरची शेती आहे, ती कुणाला आठवत नाही. मागे कालव्याच्या पाण्याचं आवर्तन लांबलं तर आमचा दीड एकर ऊस उभा वाळला.

शनिवारातला:
मग ऊस लावता कशाला? पिण्याचं पाणी आधी.

इंदापूरकर:
उसावर बोलायचं काम नाही! त्याच उसावर वडिलांनी मला पुण्यात ठेवून शिकवलं. तुम्ही वापरलेलं पाणी शुद्ध करून आम्हाला द्यायचं ठरलंय, मुंढव्याचा जॅकवेल, म्हणजे ते पाणी उपसायची विहीर, त्यासाठीच बांधला. ते पाणी येतं त्या बेबी कालव्याच्या कडेला उभं राहून एकदा वास घेऊन बघा मग पिण्याचं पाणी आधी म्हणा.

नांदेडफाटा_ताई:
ऊस बाजूला ठेवा हो. जानेवारी २०२५ ला जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराची साथ आली ती आमच्याच पट्ट्यात, सिंहगड रस्त्याकडचं नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. आमच्या मजल्यावरच्या काकू सकाळी उठल्या तर पाय उचलेना, ३ आठवडे आयसीयूत होत्या, आणि आम्ही खाली रोज टँकरची वाट बघत उभे. फ्लॅट घेताना बिल्डर म्हणाला होता पाणी येईपर्यंत मी देतो, वर्षभरात टँकरचा खर्च सोसायटीवर टाकून मोकळा. आणि धरण घरापासून १५ मिनिटांवर!!

शनिवारातला:
ताई, तुमचं मान्य. पाण्याची सोय न बघता परवानग्या दिल्या हा गुन्हाच आहे. पण माझं म्हणणं तेच तर आहे, झेपत नाही तर घेऊ नका. फुरसुंगी-उरुळी देवाची टॅक्सला वैतागून बाहेर पडलीच ना, वेगळी नगरपरिषद केली.

पूर्वेचा_वारा:
उरुळीचं नाव तुम्ही तरी घेऊ नका साहेब. अख्ख्या पुण्याचा कचरा किती वर्षं त्यांच्या उशाला टाकला, विहिरी नासल्या त्यांच्या. कचरा टाकायला गाव चालतं, पाईपलाईन टाकायची वेळ आली की करदाते आठवतात.

शनिवारातला:
कचऱ्याचं चुकलंच, त्यावर वाद नाही. गावं घ्यायला नको होती हे मात्र अजून म्हणतो.

नांदेडफाटा_ताई:
घेतलीत ना आता, मग पाणी द्या. टँकर आला, जाते.